कागदपत्रं असलेले सिनेमे

माझ्या आवडत्या सिनेमांची यादी काढली तर त्यात गाणी कमी आणि कागदपत्रं जास्त निघतात, हे बायकोनं सांगितलं तेव्हा लक्षात आलं. ती म्हणे, अहो दिवसभर तेच करता, रात्री टीव्हीवर पण तेच पाहता, कंटाळा नाही येत का तुम्हाला? आता काय सांगू. माझं टायपिंगचं दुकान आहे, नागपूरच्या आकाशवाणी चौकाच्या आसपास, कोर्ट आणि कलेक्टर ऑफिसच्या मधल्या पट्ट्यात, दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्टूल आणि उन्हाळ्यात गरम हवा फेकणारा टेबलफॅन. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, अर्ज, नावात बदल, वारसाचं काय काय. लोक प्लास्टिकच्या पिशवीत अख्खं आयुष्य घेऊन येतात आणि स्टुलावर बसून ती पिशवी माझ्या कीबोर्डवर उलटी करतात. भाऊ, शाळेच्या दाखल्यावर रामचंद्र आहे, आधारवर रामचंद आहे, रेशन कार्डावर नुसतं रामा आहे, आता साहेब म्हणून राहिला तुम्ही कोण? मग मी टाइप करतो की वरील तिन्ही नावे माझीच असून मी एकच व्यक्ती आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप जातात.

तर अशा माणसाला कोणता सिनेमा आवडणार? पहिला नंबर 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 चा, आपल्याकडे थेटरात 2015 मध्ये लागला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला त्याला. त्यातला म्हातारा शाहीर नारायण कांबळे ज्यांनी केला ते वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल 2021 मध्ये कोरोनात गेले, तेव्हा नागपुरात रोज इतके जण जात होते की एकेकाचं दुःख करायला पण वेळ नव्हता. नट नव्हतेच ते, म्हणूनच बहुतेक त्या आरोपीच्या पिंजऱ्यात ते जसे उभे राहतात तसं कोणत्याच नटाला उभं राहता येत नाही. चिडत नाहीत, रडत नाहीत, कंटाळलेले असतात. मी खरे आरोपी रोज पाहतो, बहुतेक जण असेच उभे असतात, घरी भाजी न्यायची राहिली असेल असे.

सिनेमात त्यांच्यावर आरोप असा की त्यांनी गाणं म्हटलं आणि ते ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. हे ऐकून थेटरात माझ्या बाजूचा हसला होता. पण मला सगळ्यात जास्त पकडलं ते जज साहेब साक्ष लिहून घेतात त्यानं. साक्षीदार आपल्या भाषेत, अडखळत, लांबण लावून काहीतरी सांगतो, जज क्षणभर थांबतात आणि स्टेनोला दोन सरळ वाक्यं सांगतात, आणि तीच साक्ष. बाकी सगळं हवेत गेलं. अगा हेच तर मी करतो रोज! समोरची बाई अर्धा तास सांगते की नवरा कसा होता, सासू काय बोलली, दिवाळीच्या दिवशी काय झालं, आणि मी टाइप करतो 'सन अमुकपासून विभक्त राहत आहे'. कागदाला तेवढंच लागतं. त्या सिनेमात मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि शांतपणे सांगते की तो मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी झुरळं दिसतात का पाहायचा, झुरळ दिसलं म्हणजे खाली हवा आहे. आता ही झुरळं कोणत्या कलमात बसवायची सांगा.

आणि सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती जुन्या कायद्याची पानंच्या पानं एका सुरात वाचून दाखवते, कोणाच्या जिवाशी संबंध आहे असं वाटतच नाही, आणि मग संध्याकाळी लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, पोरांना वाढते. वाईट बाई नाही ती, नोकरी करून राहिली. मला तर आमच्या इथल्या निम्म्या लोकांचे चेहरे दिसले तिच्यात. दुसरा कोणी दिग्दर्शक असता तर तिला व्हिलन केलं असतं. एका जागी तर जज एका बाईची केस ऐकतच नाही कारण तिनं बिनबाह्यांचं घातलंय. पुढची तारीख. थेटरात लोकांना ते अतिशयोक्ती वाटलं, माझ्या ओळखीच्या एका वकिलाला मी विचारलं तर तो म्हणे हाव, होते असं, त्यात काय.

तारखेवरून आठवलं, आमच्या लाइनीत 'दामिनी'चा तो 'तारीख पे तारीख' डायलॉग दिवसातून एकदा तरी कोणीतरी मारतोच. 1993 चा सिनेमा, सनी देओल, टेबलावर हात आपटणं वगैरे. पाहायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण खऱ्या कोर्टात असा ओरडला तर काय होईल ते ज्यानं खरं कोर्ट पाहिलं त्याला माहिती आहे. खरी तारीख तर कुजबुजत मिळते, अशिलाला ऐकू पण येत नाही, बाहेर आल्यावर तो वकिलाला विचारतो काय झालं जी.

दुसरा सिनेमा 'श्वास'. हा मी आधी एकदा पाहिला होता तेव्हा चांगला वाटला एवढंच, 2004 साली सगळ्यांनीच पाहिला, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं म्हणून पेपरात रोज काहीतरी यायचं. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात, पोराच्या डोळ्यात कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दिसणार नाही. आणि डॉक्टर म्हणतात की पोराला आधी सांगावं लागेल. अरुण नलावडेंनी ते आजोबा केलेत, आता या माणसानं त्या पोराला कसं सांगायचं? सगळा सिनेमा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

तो सिनेमा माझा झाला तो बाबांच्या वेळेस. बाबांना शुगर, पायाचं बोट काळं पडलं, डॉक्टर म्हणाले काढावं लागेल, आजच. दवाखान्यातला पोरगा फॉर्म घेऊन कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे आला, म्हणे इथे सही करा. मी धंद्यानं कागदवाला, मला सही करा म्हटलं की आधी पहिल्या ओळीपासून वाचायची सवय. वाचलं तर त्यात लिहिलेलं की पेशंटला सगळं समजावून सांगितलं आहे. कोणी सांगितलं? बाबा आत बेडवर पेपर वाचून राहिले होते, त्यांना वाटत होतं ड्रेसिंग होणार आहे. आणि काय सांगू, त्या क्षणी मला ते सिनेमातले आजोबाच आठवले. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवा, ते सांगतील, मग सही. पोरगा वैतागला, नर्सताई वैतागली, बहीण पण मलाच म्हणे की दादा कशाला उगाच. डॉक्टर आले, चांगला माणूस होता, खुर्ची ओढून बसला आणि बाबांना नीट सांगितलं. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग चष्मा मागितला, फॉर्म हातात घेतला आणि ते अख्खं इंग्रजी, त्यांना अर्धं पण समजत नव्हतं, शेवटपर्यंत वाचलं. पोस्टात होते ते, सही करायची म्हणजे पेन आधी बाजूच्या कागदावर चालवून पाहणार, मग पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली तारीख. तशीच केली. नंतर बहिणीला म्हणे, बोट माझं, सही पण माझी.

'मुन्नाभाई एमबीबीएस' त्याच कारणानं. त्यात तो डीनला भर वर्गात विचारतो ना, की माणूस मरत असला तरी आधी फॉर्म भरायचा का, तिथं मी प्रत्येक वेळेस खुश होतो, कितव्यांदा पाहून राहिलो हे महत्त्वाचं नाही. 2003 चा. आणि राजकुमार हिरानी नागपूरचा पोट्टा, हे तर इथं रिक्षावाला पण सांगतो तुम्हाला, पण मला त्यातला वेगळाच अभिमान आहे, त्यांच्या वडलांची नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट होती! म्हणजे लहानपणी त्यांच्या कानावर तोच खडखडाट असणार जो माझ्या कानावर होता, मी पण टायपिंगच्या परीक्षा देऊनच या धंद्यात आलो, रेमिंग्टनच्या मशीनवर, करंगळीनं ती दगडासारखी की दाबून दाबून. एवढ्यावरून मी त्यांना आपला माणूस मानतो, बाकी काही ओळख नाही.

आता 'झुंड'. नागराज मंजुळेंचा, मार्च 2022 मध्ये आला. नागपूरकरांना तो आवडण्याचं सरळ कारण आहे, आपलं शहर, आपले पोट्टे, आपली बोली, आणि त्यात अमिताभ. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे, त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात मोडकी बादली लाथाडताना पाहिलं आणि त्यातून स्लम सॉकर ही अशा पोरांची फुटबॉलची संस्था उभी राहिली, ही खरी गोष्ट. सिनेमात ते पोरगे एकमेकांना जसे बोलतात ना, 'अबे' शिवाय वाक्य सुरूच होत नाही, ते ऐकून पुण्याचा माझा साडू म्हणे सबटायटल पाहिजे होते. घ्या.

पण मला विचाराल तर त्यातला सगळ्यात भारी भाग फुटबॉलचा नाहीच. रिंकू राजगुरू त्यात आदिवासी पोरगी आहे, खेळायला परदेशात जायचंय, त्याला पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला पुरावा पाहिजे, आणि ती आणि तिचा बाप, किशोर कदम, दोघं पुराव्यासाठी वणवण फिरतात. सिनेमा तिथं एकदम संथ होतो. माझ्या बाजूच्या रांगेतले लोक मोबाइल काढून बसले, कोणी तर समोसा आणायला गेलं. मी मात्र खुर्चीच्या टोकावर. कारण ते बापलेक मी पाहिलेत, माझ्या स्टुलावर बसलेत ते. जात पडताळणीचं ज्यांचं काम पडलं त्यांनाच माहिती, अनुसूचित जमात असेल तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जात असेल तर 10 ऑगस्ट 1950, ओबीसी असेल तर 13 ऑक्टोबर 1967. या तारखा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ आहेत. आता गडचिरोलीच्या आतल्या गावात ज्याचा आजा शाळेतच नाही गेला, ज्याच्या नावानं जमीन नव्हती, त्यानं 1950 चा कागद कुठून आणायचा? माणूस समोर उभा आहे, घाम पुसून राहिला, पोरीची ॲडमिशन अडली, आणि त्याला सिद्ध करायचंय की तो तोच आहे. हिंदी-मराठी सिनेमात हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते पण मधात कुठं गाणं न टाकता. नंतर लोक म्हणाले तीन तासांचा सिनेमा लांबला, तो भाग कापायला पाहिजे होता. मी म्हणतो, फुटबॉलची एखादी मॅच कापा.

'न्यूटन'बद्दल थोडक्यातच सांगतो कारण त्यावर लिहायला बसलो तर दुकान उघडायला उशीर होईल. 2017 चा, अमित मसुरकरचा, राजकुमार राव. दंडकारण्यातलं मतदान केंद्र, यादीत 76 मतदार, आणि एक क्लार्क जो म्हणतो की नियम आहे म्हणजे मतदान होणार. शूटिंग छत्तीसगडमधे दल्ली राजहराकडे झालं, आपल्या गडचिरोलीच्या पलीकडेच. लोकांना तो हट्टी वाटतो, येडा वाटतो, पंकज त्रिपाठीचा अधिकारी जास्त शहाणा वाटतो. मला नाही वाटत. नियम पाळणारा बाबू सिनेमात हीरो झालेला मी दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या चौकात पण असे एखाददोनच आहेत, त्यांच्या टेबलावर गेलं की काम उशिरा होते पण परत यावं लागत नाही.

बायकोचं म्हणणं पडलं की यातला एकही सिनेमा जेवताना पाहण्यासारखा नाही. तिचं बरोबर आहे, म्हणून आमच्या घरी जेवताना 'अशी ही बनवाबनवी' लागतो. 1988 चा, सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत, पोरीला सगळे डायलॉग पाठ आहेत आणि तिचा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा. त्यात एकही कागद नाही, तरी मला तो धंद्याच्या नजरेनंच दिसतो, काय करू. लीलाबाई काळभोर दोन जोडप्यांना खोली देतात, ना ओळखपत्र, ना करार, ना दोन साक्षीदार. नुसता आधार कार्डाचा झेरॉक्स मागितला असता तर बायकांच्या वेशातले दोघं, पार्वती आणि सुधा, दारातच अडकले असते आणि सिनेमा दहा मिनिटांत संपला असता. हे मी दर वेळेस बोलतो आणि दर वेळेस पोरगी म्हणते, बाबा, प्लीज, पाहू द्या.

तर घरमालक मंडळी, अकरा महिन्यांचा करार करून घ्या, पोलीस व्हेरिफिकेशनसकट. स्टँप आता शंभरचा नाही चालत, पाचशेचा लागतो. झेरॉक्स येताना घेऊन या, आमची मशीन बिघडली आहे.