क्यूटीमध्ये स्वतःचं लिस्ट मॉडेल लिहिताना

क्यूटी म्हणजे खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची लायब्ररी. तिच्यात मॉडेल माहिती पुरवतं आणि व्ह्यू ती पडद्यावर दाखवतो. लिस्ट व्ह्यूला दहा-वीस नावं दाखवायची असतील तर क्यूस्ट्रिंगलिस्टमॉडेल पुरतं. पण प्रत्येक ओळीमागे फाइलचा मार्ग, तारीख, लघुचित्र असा ऐवज आला, की क्यूअ‍ॅब्स्ट्रॅक्टलिस्टमॉडेलपासून स्वतःचा क्लास काढावा. आधीच असलेली माहिती क्यूस्टँडर्डआयटममॉडेल या तयार मॉडेलमध्ये पुन्हा भरत बसलं, की दोन प्रती होतात आणि त्या जुळवत ठेवण्यातच वेळ जातो.

लिहायची फंक्शन्स मोजून दोन: रोकाउंट आणि डेटा. रोकाउंट ओळींची संख्या सांगतं, डेटा ओळीतली माहिती देतं. रोकाउंटमध्ये पॅरेंट (वरची ओळ) वैध असेल तर शून्य परत करायचं, कारण यादीतल्या ओळीला पोटओळी नसतात. डेटामध्ये रोलकडे, म्हणजे व्ह्यू ओळीबद्दल नेमकं काय मागतोय त्याकडे, नीट लक्ष द्या. डिस्प्लेरोलला मजकूर, डेकोरेशनरोलला चित्र, स्वतःच्या गोष्टींना यूजररोल अधिक १ पासून पुढचे आकडे, आणि ओळखीच्या नसलेल्या प्रत्येक रोलला रिकामा क्यूव्हेरियंट (कुठल्याही प्रकारची किंमत धरणारा क्यूटीचा डबा). रोल न पाहता सरसकट मजकूर परत केला तर प्रत्येक ओळीपुढे अचानक चेकबॉक्स उगवतो. चेकस्टेटरोललाही काहीतरी उत्तर मिळाल्यामुळे डेलिगेट (ओळ रंगवणारा ऑब्जेक्ट) तो रेखाटतो, बाकी काही नाही. ओळ संपादित करू द्यायची असेल तर फ्लॅग्जमध्ये आयटमइजएडिटेबल जोडा, सेटडेटा लिहा आणि एडिटरोललाही मजकूर द्या. नाहीतर डबलक्लिक केल्यावर रिकामी चौकट उघडते.

खरी कसोटी ओळी बदलताना लागते. नियम असा: आधी बिगिनइन्सर्टरोज, मग तुमची माहिती ठेवलेल्या व्हेक्टरमध्ये भर, मग एंडइन्सर्टरोज. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, आणि पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आकडे धरून मोजायचे. १०० ओळींच्या शेवटी ५ घालायच्या असतील तर १०० आणि १०४. तिथे १०५ लिहिलं, तर व्ह्यूच्या हिशेबात एक ओळ जास्त होते आणि गोंधळ भलत्याच ठिकाणी दिसतो.

हा क्रम का पाळायचा, ते काढून टाकताना जास्त स्पष्ट होतं. बिगिनरिमूव्हरोज म्हटल्याबरोबर सिलेक्शन मॉडेल (निवडीची नोंद ठेवणारा ऑब्जेक्ट) चालू ओळ दुसरीकडे हलवतं आणि करंटचेंज्ड सिग्नल, म्हणजे बदलाची सूचना, सोडतं. त्याला जोडलेला तुमचा स्लॉट (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) त्या क्षणी मॉडेलकडे माहिती मागू शकतो. तुम्ही व्हेक्टरमधून ओळ आधीच काढली असेल, तर तो नसलेल्या जागेवर वाचायला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. मॉडेल आणि व्ह्यूच्या मध्ये, क्रम लावणारं आणि गाळणारं क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल असेल तर धोका वाढतो, कारण तो ओळींची स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. विखुरलेल्या ओळी काढायच्या असल्या तर खालून वर या, म्हणजे उरलेले क्रमांक सरकत नाहीत.

ओळी हलवण्याचं बिगिनमूव्हरोज मात्र भल्याभल्यांना चकवतो. शेवटचा आकडा ‘कोणत्या ओळीच्या आधी’ ठेवायचं ते सांगतो, आणि तो हलवण्यापूर्वीच्या क्रमांकांत मोजायचा. म्हणजे १ क्रमांकाची ओळ ३ वर न्यायची असेल तर ४ द्यायचे. २ दिले तर जागा बदलतच नाही, फंक्शन ‘फॉल्स’ (false) परत करतं, आणि अशा वेळी एंडमूव्हरोज बोलवायचंच नाही. परत आलेली किंमत तपासा.

हे सगळं टाळायला प्रत्येक बदलाला बिगिनरीसेटमॉडेल वापरून पूर्ण मॉडेल नव्याने वाचायला लावण्याचा मोह होतो. तो आवरा. रीसेट झाला की निवड जाते आणि वापरणारा कुठल्या ओळीवर होता तेही हरवतं. पूर्ण फोल्डरच बदललं तर रीसेट योग्य, एक नाव बदललं तर डेटाचेंज्ड हा सिग्नल पुरे.

लघुचित्रांचं काम जरा निगुतीने करावं लागतं. डेटा फंक्शन रंगवताना पुन्हापुन्हा बोलावलं जातं, त्यामुळे त्यात फाइल उघडली की स्क्रोल अडखळणारच. चित्र कॅशमध्ये (आधी तयार करून ठेवलेल्या साठ्यात) नसेल तर तात्पुरतं चिन्ह परत करा आणि काम दुसऱ्या थ्रेडकडे (समांतर चालणाऱ्या धाग्याकडे) सोपवा. तिथे क्यूइमेज वापरायचं, क्यूपिक्समॅप मुख्य थ्रेडमध्ये आल्यावर करायचं. मॉडेललाही मुख्य थ्रेडमधूनच हात लावायचा. आता चित्र तयार होऊन येईपर्यंत वर चार ओळी भरल्या गेल्या असतील, तर जुना क्रमांक चुकीचा ठरतो. म्हणून विनंतीसोबत ओळीचा क्रमांक किंवा साधा क्यूमॉडेलइंडेक्स (ओळीचा तात्पुरता पत्ता) पाठवू नका, तो साठवून ठेवण्यासाठी नसतोच. फाइलचा मार्ग पाठवा, परतल्यावर त्यावरून ओळ शोधा आणि त्या एकाच ओळीसाठी, फक्त डेकोरेशनरोल सांगून डेटाचेंज्ड सोडा.

सगळ्या ओळी एकाच उंचीच्या असतील तर सेटयुनिफॉर्मआयटमसाइझेस चालू करा. मग व्ह्यू प्रत्येक ओळीचं माप वेगळं विचारत नाही, आणि हजारो ओळींच्या यादीत फरक लगेच जाणवतो.

पायथनमधून क्यूटी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: व्ह्यूला मॉडेल जोडणारं सेटमॉडेल त्या मॉडेलची मालकी घेत नाही. मॉडेलला पॅरेंट (त्याला सांभाळणारा क्यूटी ऑब्जेक्ट) द्या किंवा खिडकीच्या ऑब्जेक्टवर ते धरून ठेवा. शिवाय सेटमॉडेल नवं सिलेक्शन मॉडेल बनवतं, म्हणून निवडीचे सिग्नल त्यानंतरच जोडा.

आणि क्यूटी ५.११ पासून क्यूअ‍ॅब्स्ट्रॅक्टआयटममॉडेलटेस्टर मिळतो, तो पहिल्या दिवसापासून लावा. क्यूटी टेस्ट मॉड्यूल जोडून मॉडेल त्याच्या हवाली केलं, की प्रत्येक सिग्नलनंतर ओळींची संख्या जुळते का ते तो पाहतो. डीबग बिल्डमध्ये फेटल मोड (चूक सापडताच प्रोग्रॅम थांबवणारा) ठेवा. वरची १०५ वाली चूक मग कोडमधल्या एंडइन्सर्टरोजच्या त्याच ओळीवर सापडते.