घोळ

पावसानं पंधरा-वीस दिवस ताण दिला की दुपारचं सोयाबीन बघवत नाही. पानं उलटी होऊन फिकट पाठ दाखवायला लागतात. त्याच्याच बुडाशी, खुरप्यातून सुटलेली घोळ मात्र तकतकीत.

कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आत घ्यायचा तर पानाला रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, उघडावी लागतात, आणि दार उघडलं की पाणी पळतं. सोयाबीन, तूर, कापूस यांचा व्यवहार तोट्याचाच: एक ग्रॅम कर्बवायूमागे साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी. वर रुबिस्को या विकराचा (एन्झाइमचा) जुना घोळ. कर्बवायू धरायचा सोडून ते मधूनच ऑक्सिजनला धरतं. ऊन तापलं, दारं मिटली, आतला कर्बवायू सरत आला, की चुका वाढतात आणि कमावलेल्यातलंच काही हवेत जातं.

ज्वारीनं यावर तोडगा काढला. तिच्या पानाचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरा, शिरेभोवती हिरव्या पेशींचं कडं दिसेल. कड्याबाहेरचं पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं विकर ऑक्सिजनला भुलत नाही. ते कर्बवायू पकडतं, त्याचं मॅलिक आम्ल होऊन कड्यात जातं, तिथं कर्बवायू पुन्हा सुटतो. रुबिस्कोभोवती त्याचीच इतकी दाटी होते की चुकायला वावच नाही. पाणी 250 ते 300 ग्रॅम. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ही वाट उलगडली ती उसावर. म्हणजे ग्रॅमच्या हिशेबात ऊस काटकसरी! पण बारा-चौदा महिने उभा राहून एवढा पसारा मांडल्यावर ती काटकसर मोजतो कोण? 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरला तरी हे सांगायला जाऊ नये.

बांधावरचं घायपात, कुंडीतली कोरफड, पोरं वहीत दडपून कोंब फुटायची वाट बघतात ती पानफुटी, ही सगळी रात्रपाळीवाली. अंधारात दार उघडायचं, कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीतल्या कोठीत भरायचा, दिवसा दार लावून आतल्या आत वापरायचा. 50 ते 100 ग्रॅम पाण्यात भागतं. कोठी भरली की मात्र त्या रात्रीची कमाई संपली, म्हणून वाढ संथ.

घोळ दोन्ही करते. ओल असली की ज्वारीची रीत, ताण पडला की जोडीला रात्रपाळी. ताणाच्या दिवसांत एकाच जागची एक मूठ उजाडताना खुडावी, दुसरी दुपारी चारला, आणि पानं कच्चीच चावून बघावीत. सकाळची जास्त आंबट, कारण रात्रीचं आम्ल अजून खर्ची पडलेलं नसतं. चांगला पाऊस झाल्यावर करून बघाल तर फरक लागणार नाही; तेव्हा उरतो तो ऑक्झॅलिक आम्लाचा, घोळीचा नेहमीचा आंबटपणा.

तेव्हा डाळ घालून भाजी करताना सकाळच्या घोळीला चिंच बेतानंच. अर्थात खुरपणीच्या बायकांच्या ओटीतून ती घरी येते दिवस मावळताना.