आमची वाटचाल : आधी फ्यूज, मग लाईट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं दुकान मूळचं वडिलांचं, ऑटो इलेक्ट्रिशियनचं. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षाचे सेल्फ आणि डायनमो हेच मुख्य काम, बाईक आली तर बल्ब नाहीतर हॉर्न बदलायला. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. नंतर पोरं बाईकवर गगनबावडा, आंबोली, पार गोव्यापर्यंत जायला लागली आणि प्रत्येकाला फॉग लाईट, मोबाईल चार्जर, मोठा हॉर्न पाहिजे झाला. लोक त्याला हौस म्हणतात, मला तसं वाटत नाही. ऊसाच्या हंगामात रात्री गावाकडं जाऊन बघा, पुढं ट्रॉली उभी असते, मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, अगदी जवळ गेल्यावर कळतं.

पण त्याच काळात जळालेल्या वायरिंगच्या गाड्या पण लई यायला लागल्या. बघावं तर कंपनीची वायर ब्लेडनं सोललेली, त्यावर नवी वायर पिळलेली आणि वरनं काळी टेप. दोन पावसाळे गेले की टेपचा डिंक सुटतो, पाणी आत जातं, जोड गरम व्हायला लागतो. ते बघूनच ठरवलं की बाकीची कामं हळूहळू सोडायची आणि बाईकचं वायरिंगच करायचं, पण कंपनीची वायर न कापता. वडील आधी तयार नव्हते, चालू धंदा कोण सोडतंय, पण त्यांनी पण जळालेल्या गाड्या बघितल्याच होत्या.

आमची पद्धत सांगतो. ॲक्सेसरीची लाईन थेट बॅटरीवरनं वेगळी येते आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासनं वीतभर अंतराच्या आत बसतो. गिऱ्हाईक विचारतं, फ्यूज लाईटजवळ बसवला तर काय बिघडतं? भावा, फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायर टाकीखाली कुठं घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज त्या जागेच्या पुढं, लाईटजवळ असला, तर बॅटरीकडच्या तुकड्यात बॅटरीचा सगळा करंट जातो आणि वायर तापून पेटते, वर पेट्रोलची टाकी. फ्यूजचा आकडा पण अंदाजानं घालत नाही. ४० वॅटचे दोन लाईट म्हणजे ८० वॅट, भागिले १२ व्होल्ट, पावणेसात अँपिअरच्या आसपास, म्हणून १० चा फ्यूज आणि तो करंट पेलणारी जाड वायर. फ्यूज सारखा उडतोय म्हणून कुणी २० चा घालून मागितला तर आम्ही घालत नाही, तो का उडतोय ते आधी शोधतो. यावरनं गिऱ्हाईकं परत गेलीत, जाऊ देत.

लाईटला आणि मोठ्या हॉर्नला रिले, म्हणजे बारक्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच, हँडलच्या बारक्या स्विचमधनं तेवढा करंट न्यायचा नाही. रिलेच्या पिनांवर नंबर असतात, त्यातल्या ३० ला फ्यूजवरनं आलेली लाईन, ८७ वरनं लाईट, ८५ ला अर्थिंग आणि ८६ ला चावी फिरवल्यावर येणारा करंट. चावी काढली की सगळं बंद. नाहीतर ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर नुसता १०० मिलिअँपिअरचा खर्च रात्रंदिवस चालू राहिला तरी चार दिवसांत ती रिकामी होते आणि लोक शिव्या बॅटरीवाल्याला घालतात.

२०१९ च्या आणि परत २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर दुकानात बुडालेल्या गाड्यांची रांग होती. टेपचे जोड उघडले की आत तांब्याची तार हिरवी पडलेली. तेव्हापासनं आम्ही टेप पूर्ण बंदच केली, आता वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबून क्रिंप करून, त्यावर आतनं डिंक असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि जोडाला वॉटरप्रूफ कपलर. खर्च वाढला, दर पण वाढवावा लागला.

२०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम आले, गाड्यांत पेट्रोलचं इंजेक्शन, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आले, मग कंपनीच्या वायरीला हात न लावायची सवय लई उपयोगी पडली. भलतीच वायर टोचली तर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी शोरूमच्या लॅपटॉपला जोडायला न्यावी लागते.

आता दुकानात शिकणारी पोरं आहेत. त्यांना काम सुरू करताना आधी बॅटरीचा मायनस काढायचा आणि शेवटी तोच जोडायचा हे पहिल्या दिवशी शिकवतो. फिटिंग झालं की हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघतो, वायर ताणली नाही पाहिजे आणि सायलेन्सरला टेकली नाही पाहिजे. मग इंजिन रेस करून सगळे लाईट चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावतो, १३ व्होल्टच्या खाली दाखवलं तर तेवढा लोड त्या गाडीला झेपत नाही, लाईट कमी करा असं तोंडावर सांगतो.

टाकी उतरवून काम करावं लागतं त्यामुळं अर्धा दिवस जातो, गाडी सकाळी आणून सोडा. आणि मे महिन्यातच या, जूनमध्ये गर्दी असते.