संत्र्याचा बगीचा सेंद्रिय प्रमाणपत्राकडे नेताना: माझा अनुभव

नागपूर जिल्ह्याच्या काटोल तालुक्यातील आमचा संत्र्याचा बगीचा वडिलांनी जांभेरीच्या खुंटावर, म्हणजे जांभेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचे कलम बांधून, उभा केला आणि शिक्षण संपल्यावर मी तो हाती घेतला. 2017 मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या आरोग्याचा विचार माझ्या मनातून गेला नाही. खाणाऱ्याच्या ताटातील विषाबद्दल पुष्कळ बोलले जाते; परंतु ते विष सर्वांत आधी फवारणाऱ्याच्या अंगावर पडते, आणि निरोगी जीवनाची चर्चा तिथूनच सुरू व्हावी, असे माझे मत आहे.

खासगी संस्थेकडून प्रमाणपत्र घेणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून आम्ही केंद्र सरकारची सहभाग हमी पद्धती, म्हणजे पीजीएस-इंडिया, निवडली. तिच्यात एकाच किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि सदस्यच एकमेकांच्या शेताची पाहणी करून हमी देतात. गट जमवणे हेच सर्वांत अवघड काम होते, कारण संत्र्यासारख्या बहुवर्षायू पिकाला रूपांतराचा, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ तीन वर्षांचा असतो आणि तेवढा काळ वेगळा भाव मिळण्याची खात्री कोणीच देत नाही. ज्यांच्या घरी फवारणीचा त्रास कोणी ना कोणी भोगला होता, ते आधी तयार झाले. प्रतिज्ञापत्र, सातबारा, शेताचा पूर्वेतिहास आणि ऑनलाइन नोंदणी हे सारे त्यामानाने लवकर आटोपले.

खरी कसोटी परस्पर पाहणीची होती. गटातील एक ज्येष्ठ काकाजी आमच्या शेतातील कोठ्यात शिरले, खतांची पोती आणि पावत्या पाहिल्या, पंपाचे झाकण उघडून वास घेतला आणि सरळ विचारले, "भाऊ, या पंपातून तणनाशक तर जात नाही ना?" मी निंबोळी अर्कासाठी वेगळा ठेवलेला पंप दाखवला, तेव्हाच त्यांनी पुढचा रकाना भरला. त्यानंतर आम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेलो. पलीकडे कपाशी होती आणि तिच्यावरील औषध वाऱ्याने आमच्या झाडांवर येण्याची शक्यता होती. त्या बाजूला संरक्षक पट्टा सोडून दाट झाडे लावावीत, असे पाहणीत ठरले. शेजाऱ्यांनीही फवारणीच्या आदल्या दिवशी कळवण्याचे मान्य केले आणि आजवर ते पाळले आहे.

सेंद्रिय म्हणजे शास्त्राकडे पाठ फिरवणे, हा समज मला पटत नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे मार्गदर्शन, माती परीक्षण आणि ठिबक यांच्याविना आमचा बगीचा टिकला नसता. खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट आम्ही पावसाळ्याआधी व नंतर खोडांना लावतो. मोरचुदातील तांब्याचा वापर मर्यादित ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक वेळेची नोंद वहीत होते. झाडांना नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की तिचा रस शोषणाऱ्या सायला किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो. पहिल्या काळात फळगळ वाढली आणि आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, माल कमी निघाला, हेही नव्याने वळणाऱ्यांनी गृहीत धरावे. मात्र फवारणीनंतर गड्यांचे डोके दुखणे आणि डोळे चुरचुरणे आता थांबले आहे.

सध्या आमच्या मालाला रूपांतर काळातील पीजीएस-ग्रीन हा दर्जा आहे. नागपूरच्या कळमना बाजारात त्याला वेगळा भाव मिळत नाही, म्हणून काही माल आम्ही नागपुरातील ग्राहकांना थेट पोहोचवतो आणि मागणाऱ्याला नोंदवहीही दाखवतो. हे प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीपुरतेच चालते. निर्यातीसाठी वेगळे प्रमाणीकरण लागते, तेव्हा ज्यांना माल परदेशी पाठवायचा आहे त्यांनी सुरुवातीलाच तो मार्ग धरावा.