जुन्या थारवरून उतरवलेले सामान

महिंद्रा थारची पहिली पिढी २०१० ते २०२० या काळात विकली गेली, आणि तिच्या सीआरडीई या डिझेल इंजिनाच्या गाड्या आता खान्देशात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती दिसतात. २४९८ सीसीचे डिझेल इंजिन, १०५ अश्वशक्ती, हाताने टाकायचा फोर-बाय-फोरचा लिव्हर, पुढे टॉर्शन बारवर (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या लोखंडी दांड्यांवर) तोललेली स्वतंत्र चाके आणि मागे कमान पाटे, एवढ्या साध्या रचनेवर ही गाडी पांदण रस्त्यात, नाल्यात आणि सातपुड्याच्या चढावर जे काम करते, ते मला आजही कौतुकास्पद वाटते. माझ्याकडे आलेली गाडी धुळ्याकडच्या एका हौशी मालकाची होती. त्यांनी ती प्रेमाने वापरली, तिच्यावर मूळ किमतीच्या मानाने बराच खर्चही केला. पण त्या खर्चातून बसवलेले बहुतेक सामान मला उतरवावे लागले. ते का उतरवले, हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात नवी थार घेतलेली तरुण मुले गाडीने पहिला पावसाळा पाहण्याआधीच ॲक्सेसरीच्या दुकानात उभी असतात.

सर्वांत मोठे नुकसान उंची वाढवण्याने झाले होते. पुढच्या टॉर्शन बारचे बोल्ट आवळले की गाडीचे नाक वर येते. त्यासाठी कोणताही नवा भाग विकत घ्यावा लागत नाही, पाना फिरवला की काम होते, आणि म्हणूनच हा बदल सर्रास केला जातो. मात्र बार आवळल्याने चाकाची एकूण वर-खाली हालचाल तसूभरही वाढत नाही. आहे त्याच हालचालीत चाक आधीच खाली ढकलून ठेवले जाते, त्यामुळे खड्डा आला की चाकाला आणखी खाली जायला वाव उरत नाही. गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हा चोपड्याच्या मिस्तरींनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "नाना, हिला वर टांगून ठेवलंय. उतरायला जागाच नाही हिला." प्रत्येक गतिरोधकानंतर पुढून येणारा ठक्क आवाज याचाच होता. याशिवाय चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरपा झाल्याने त्यांचे रबरी बूट फाटले होते, आतले ग्रीस बाहेर उडाले होते, आणि ज्या प्रदेशात उन्हाळ्यात धुळीचा थर अन् पावसाळ्यात काळा चिखल असतो तेथे फाटलेल्या बुटाचा सांधा किती काळ टिकणार? वळताना कटकट आवाज सुरू झालेलाच होता.

मागे पाट्यांच्या संचात एक जादा पाटा घातला होता आणि शॅकल (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दुवे) लांब केले होते. लांब शॅकलने गाडी उचलली जाते ती वाढवलेल्या लांबीच्या साधारण निम्मीच. उरते ती पाट्यांची डळमळ. जादा पाट्याने मागची बाजू इतकी ताठ झाली की गाडीत ओझे नसताना तिरका नाला ओलांडायला घेतला तर मागचे एक चाक सरळ हवेत उचलले जाई. डोंगरवाटेवर चाक जमिनीला टेकलेले राहणे हीच खरी ताकद असते, हवेतले चाक काहीही ओढत नाही. आणि ज्या दगडापासून वाचण्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, तो दगड या बदलाने चुकत नव्हता, कारण पाटे उंच केल्याने बॉडी वर जाते, पण मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जेथे होता तेथेच राहतो. तो वर आणायचा तर टायरच मोठा असावा लागतो. शिवाय मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्याने त्याच्या सांध्यातले यूजे क्रॉस झिजून विशिष्ट वेगाला संपूर्ण गाडी थरथरत असे.

टायरही मोठे होतेच. मूळ माप २३५/७० आर १६, म्हणजे सुमारे ७३५ मिलिमीटर व्यासाचे. बसवलेले २६५/७५ आर १६, म्हणजे ८०४ मिलिमीटरच्या आसपास. गोळ्याखाली यामुळे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जास्त मोकळीक मिळते, ही जमेची बाजू मी नाकारत नाही. त्याच्या बदल्यात मात्र चाकापाशी पोहोचणारी ओढ साधारण नऊ टक्क्यांनी घटते, स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या वेगाने धावत असते, आणि क्लच व ब्रेकवर ताण वाढतो. टायर घासू नयेत म्हणून मडगार्डची आतली कड ग्राइंडरने कापलेली होती, आणि चाके बाहेर काढणाऱ्या रिममुळे बेअरिंगवर आडवा भार येऊन स्टिअरिंगला प्रत्येक दगडाचा झटका बसत होता.

पण या टायरांचा खरा दोष कळला तो काळ्या मातीत. तापीकाठची ओली काळी माती टायरला नुसती चिकटत नाही, ती थरावर थर धरत फुगत जाते. रुंद टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये फट कमी उरली की ती माती तेथे कोंबली जाते, घट्ट होते आणि शेवटी चाक फिरायचे थांबते. मग चिखलात बसून सळईने ती उकरून काढण्याशिवाय दुसरा इलाज नसतो. आमच्या भागात जुन्या एमएम ५४० जीप अरुंद टायरांवर केळीच्या बागांमधून निघून जात, त्यामागे हेच कारण होते. ओल वरच्या थरापुरती असेल तर अरुंद टायर ती कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकतो. रुंद टायर वाळूत उपयोगाचा आहे, तापीच्या किंवा अनेरच्या पात्रात हवा कमी करून त्याचा फायदा होतो. पण वर्षातले बहुतेक दिवस गाडी शेतरस्त्यावर चालणार असेल तर माप मूळचेच बरे, हे माझे ठाम मत आहे.

पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) होती. एवढे वजन चाकांच्याही पुढे टांगल्यावर आवळलेले टॉर्शन बारसुद्धा खचतात आणि मऊ जमिनीत नाक आधी रुतते. त्याहून मोठा त्रास उन्हाळ्याचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि तशा दिवसांत रेडिएटरसमोर विंच, आडवी लोखंडी पट्टी आणि दिव्यांची रांग असेल तर हवा आत जाणार कोठून? एसी लावून घाट चढायला घेतला की तापमानाचा काटा वर सरकू लागे. बंपर काढल्यावर तो जागेवर राहू लागला. बंपरसाठी चॅसीवर केलेले वेल्डिंग मात्र गेले नाही. त्या जोडांवर गंज धरतो आणि तो दरवर्षी घासून रंगवावा लागतो.

स्नॉर्केलबद्दल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा पुरवणाऱ्या नळीबद्दल, माझा आक्षेप वेगळा आहे. नीट बसवलेली स्नॉर्केल खरोखर उपयोगी असते, कारण इंजिनात पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. या गाडीवर मात्र मडगार्डला भोक पाडून नळी वर नेली होती आणि बोनेटखालचा जोड नुसत्या क्लिपवर सोडला होता, म्हणजे पाणी जोडापर्यंत आले की वरच्या नळीचा काही उपयोग नव्हता. आणि एवढा देखावा करून ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी छिद्रे) मूळच्याच उंचीवर ठेवले होते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढले जाते. डिफरन्शियलचे तेल उघडून पाहिले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे झालेले होते. ब्रीदरला साधी रबरी नळी जोडून ती वर बोनेटखाली बांधणे हे अगदी थोड्या पैशांचे काम आहे, आणि नाला ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला ते करावे असे मी आग्रहाने सांगेन. पण ते बाहेरून दिसत नाही, म्हणून कोणी करून घेत नाही.

टपावरच्या एलईडी पट्टीविषयी मला रागच आहे. १८० वॅटची पट्टी १२ व्होल्टवर १५ अँपिअर ओढते, आणि येथे तो प्रवाह रिलेशिवाय (जास्त प्रवाह पेलणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय), बारीक वायरीने थेट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला होता. वायरीचे आवरण वितळून चिकटले होते. आग लागली नाही हे नशीब. धुळीत तो पांढरा उजेड उलट आपल्याच डोळ्यांवर येतो. आणि अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर रात्री केळीच्या गाड्या, विनादिव्यांच्या ट्रॉल्या आणि घरी परतणारे मोटारसायकलस्वार असतात, त्यांना क्षणभर आंधळे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांना परवानगी देत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि समोर बसवल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते.

आता गाडी मूळ उंचीवर आहे. जादा पाटा निघाला, बूट बदलले, वायरिंग नव्याने ओढले, आणि सत्रासेनकडच्या दगडी वाटांवर ती चारही चाके टेकवून उतरते, हे पाहून मला मनापासून आनंद होतो. मडगार्डला पत्रा लावून रंग दिला, तरी कापलेली कड पूर्वीची होत नाही. जे कोणी बदल करणारच असतील त्यांनी काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी नट-बोल्टसह, घरी पोत्यात बांधून ठेवावा. या गाडीचे मूळ शॅकल आधीच्या मालकांनी भंगारात दिले होते, ते नवे घ्यावे लागले. पुढचा मूळ बंपर चांगल्या स्थितीत अजून मिळालेला नाही, त्याचा शोध चालू आहे.