तिसऱ्या करडाची तयारी

परंड्याजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे उस्मानाबादी जातीच्या चार शेळ्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत थोरल्या शेळीला गेल्या दोन्ही वेतांत तीन-तीन करडे झाली. या जातीत जुळ्यांचे कोणाला नवल वाटत नाही; तिळे झाले की मात्र घरादाराची धावपळ होते, कारण शेळीला सड दोनच असतात आणि दोन दांडगी करडे ते धरून बसली की तिसरे, बहुधा अंगाने सर्वांत किरकोळ असलेले, उपाशी राहते. यंदा तसे झाले, तर ते तिसरे बार्शीला माझ्या घरी आणून बाटलीवर वाढवायचे, असे आमचे ठरले आहे.

ही माझी दुसरी खेप आहे. दोन वर्षांपूर्वी आणलेले करडू नवव्या दिवशी दगावले, आणि ते माझ्या हयगयीने नव्हे, तर माझ्या मायेने दगावले, हे कबूल करायला मला बराच काळ लागला. ते ओरडले की मी बाटली लावत असे, ते शेपूट हलवत शेवटचा थेंब ओढून घेत असे आणि मला धन्यता वाटत असे. मग हगवण लागली, पोट फुगले आणि दोन दिवसांत सारे संपले. आत्या तेव्हा एवढेच म्हणाली, “अगं, करडाला पोट भरल्याचं कळत नसतं, ते पाजणाऱ्याला कळावं लागतं.”

म्हणून यंदा पहिली खरेदी वजनकाट्याची केली. दिवसाचे दूध वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के धरले, तर दोन किलोच्या करडाला दिवसभरात दोनशे ते तीनशे मिलिलिटर पुरते आणि पहिल्या आठवड्यात ते चार-पाच वेळांत विभागून द्यायचे असते. म्हणजे एका वेळेस जेमतेम अर्धी वाटी! एवढ्याशा दुधानंतर ते ओरडणारच, आणि त्या ओरडण्याकडे पाठ फिरवणे हीच यंदाची माझी खरी तयारी आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लावले असून, ज्याने पाजले त्याने वेळ आणि माप लिहावे, असा नियम घरातल्या सर्वांना घातला आहे. गेल्या वेळी माझ्या नकळत सासूबाईही एक बाटली पाजत होत्या, हे नंतर उघड झाले.

दुधाच्याही आधी चिकाचा प्रश्न येतो. शेळीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे करडू त्या बाबतीत रिकाम्या हाताने जन्माला येते आणि चिकातून मिळेल तेवढेच संरक्षण त्याला लाभते; शिवाय ती द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन एका दिवसात जवळपास संपते. म्हणून पहिल्या तासाभरात आत्यानेच आईचा चीक पिळून पाजावा आणि नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी, असे ठरले आहे. उरलेला चीक ती बर्फात घालून देईल. तो मी कोमट पाण्यात बाटली ठेवूनच वितळवणार, थेट आचेवर नव्हे. आच लागली की चिकाचे काय होते, हे खरवस खाल्लेल्यांना सांगायला नको.

पाजण्याची रीतही मी नव्याने शिकले आहे. तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊन पाजले, तर दूध फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. करडू चार पायांवर उभे असावे, बाटली आईच्या कासेच्या उंचीवर धरावी आणि मान किंचित वर असावी. अशा स्थितीत चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून तिची नळी होते आणि दूध रवंथाच्या मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात उतरते. पाजण्यापूर्वी तोंडात बोट घालून पाहायचे आणि तोंड गार लागले, तर आधी ऊब द्यायची, दूध नंतर. करडाचे अंग १०२ ते १०३ अंश फॅरेनहाइट असते, त्यामुळे दूधही आपल्या हाताला कोमटाहून थोडे गरम लागेल असेच असावे. आत्याच्या शेळ्यांचे दूध रोज इथवर येणे शक्य नसल्याने एकाच गाईचे दूध बांधून घेतले आहे. म्हशीचे दूध या पोटाला जड पडते, आणि दूध सारखे बदलणेही बाधते.

मागच्या ओट्यावर वाऱ्याच्या आडोशाला डालगे ठेवले आहे, खाली तूस आणि वर गोणपाट. ओले झाले की लगेच बदलता यावे, म्हणून गोणपाटाचे चार तुकडे धुऊन तयार आहेत. दोन आठवड्यांनी शेवरीचा कोवळा पाला टांगायचा, म्हणजे ते तोंड लावू लागेल आणि अडीच-तीन महिन्यांत दूध तोडता येईल. लसी आणि जंताचे औषध यांच्या तारखा पशुवैद्यक लिहून देणार आहेत.

एका गोष्टीवर मात्र घरात वाद झाला. माणसांतच वाढलेला बोकड मोठेपणी माणसालाच बरोबरीचा समजून धडका देतो, आणि एकटे करडू पाट असो की बोकड, झुरतेच. त्यामुळे दूध तुटले की ते आत्याच्या कळपात परत जाईल, हे मुलांना आताच सांगून ठेवले आहे. धाकटीने तरीही नाव ठरवले आहे.

काल रात्री आत्याचा फोन आला. शेळीने कास सोडली आहे आणि ती कोपऱ्यात जाऊन पायांनी माती उकरते आहे. बाटल्या उकळून पुसून ठेवल्या आहेत, बर्फाचा डबा गाडीत आहे.