सोडून दिलेला एक गुण

कॅनेडियन फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉलसारख्या, चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळात) सामन्याची शेवटची तीन मिनिटे उरली की घड्याळाचे नियमच बदलतात. त्यानंतर प्रत्येक चाल संपताच घड्याळ थांबते. चाल मैदानाच्या आत संपली असेल तर पंचांच्या शिट्टीबरोबर ते पुन्हा चालू होते, पण पास हुकला किंवा खेळाडू रेषेबाहेर गेला तर पुढची चाल प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत थांबूनच राहते. दोन चालींमध्ये 2025 च्या हंगामापर्यंत फक्त 20 सेकंद मिळत आणि डाउन, म्हणजे 10 यार्ड पुढे जाण्यासाठीच्या संधी, तीनच. त्यामुळे चेंडू हातात असलेल्या आघाडीवरच्या संघाने दोनदा गुडघा टेकून (म्हणजे चाल तिथेच संपवून) वेळ काढायचे ठरवले, तरी धड एक मिनिटही सरत नसे आणि तिसऱ्या डाउनला पंट करून, म्हणजे चेंडू लांब लाथाडून, तो प्रतिस्पर्ध्याला द्यावाच लागे. कबड्डीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ काढतो, तशी सोय इथे फारशी नव्हती.

म्हणूनच माझे ठाम मत आहे की या तीन मिनिटांत यार्डांपेक्षा, म्हणजे मैदानावर पुढे सरकलेल्या अंतरापेक्षा, गुणाची किंमत जास्त असते. गेलेले यार्ड भरून काढायला वेळ मिळतो. गेलेला गुण मात्र फलकावर कायम राहतो.

12 डिसेंबर 2021 रोजी कॅनडातील हॅमिल्टन शहरात यजमान हॅमिल्टन आणि विनिपेग यांच्यात झालेला ग्रे कपचा, म्हणजे कॅनेडियन लीगच्या विजेतेपदाचा, अंतिम सामना या दृष्टीने पुन्हा पाहावा. शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना सर्जिओ कास्टिलोच्या फील्ड गोलमुळे (चेंडू खांबांमधून लाथाडून मिळणारे तीन गुण) विनिपेग 24-22 असे पुढे गेले. त्यानंतरचा त्याचा किकऑफ (गुणानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडणे) थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, पोहोचला आणि हॅमिल्टनने चेंडू तिथून बाहेर न काढता विनिपेगला एक गुण, म्हणजे रूज, सोडून दिला. त्या वेळच्या नियमानुसार हॅमिल्टनला स्वतःच्या 35 यार्डांच्या रेषेवरून सुरुवात मिळाली, पण फरक दोनाचा तीन झाला. चेंडू बाहेर आणताना स्वतःच्या गोलरेषेजवळच अडकण्याचा धोका होता, हे मला मान्य आहे. तरीही दोन गुणांनी मागे असताना फील्ड गोल सामना जिंकून देतो आणि तीन गुणांनी मागे असताना तो केवळ बरोबरी साधतो, हा हिशेब त्या क्षणी सर्वांत आधी व्हायला हवा होता.

पुढे नेमके तेच घडले. हॅमिल्टनचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) जेरेमाया मासोलीने संघाला विनिपेगच्या गोलरेषेजवळ आणले, टचडाउनचा, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन सहा गुण मिळवण्याचा, प्रयत्न विनिपेगच्या बचावाने उधळला आणि अवघ्या 13 यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलने 25-25 अशी बरोबरी झाली. जादा वेळेत विनिपेगने 33-25 असा सामना जिंकला. तोच 13 यार्डांचा फील्ड गोल एरवी घरच्या मैदानावर हॅमिल्टनला ग्रे कप देऊन गेला असता.

शेवटी यार्ड किती झपाट्याने मिळतात, हे 2023 साली त्याच मैदानावर, ग्रे कपच्या अंतिम सामन्यात दिसले. विनिपेगविरुद्ध 24-21 अशा पिछाडीवर असलेल्या मॉन्ट्रियलने तिसऱ्या डाउनला पाच यार्ड हवे असताना 31 यार्डांचा पास साधला आणि 13 सेकंद उरले असताना टायसन फिलपॉटच्या 19 यार्डांच्या टचडाउनने 28-24 असा विजय मिळवला.

2025 मध्ये जाहीर झालेल्या बदलांनुसार 2026 पासून चालींमधले घड्याळ 35 सेकंदांचे करण्याचे, आणि किक एंड झोनच्या पार निघून गेल्यास रूज न देण्याचे ठरले. चेंडू हाती आल्यावर तो बाहेर न काढणाऱ्या संघाला मात्र तो गुण यापुढेही द्यावाच लागेल.